पावशेर तूप

दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या मी तीन वेळा मोजल्या आणि तिन्ही वेळा आकडा निराळा आला. ज्याची सबंध नोकरी दुसऱ्यांचे आकडे ताडून पाहण्यात गेली, त्याला ही गोष्ट थोडी लाजिरवाणीच म्हणावयाची. पुढे घाटावरच्या एका नावाड्याने खुलासा केला. पायऱ्या मोजावयाच्या त्या पाण्याच्या काठापर्यंत, आणि गंगेचा काठ ज्येष्ठात एक असतो, कार्तिकात दुसरा. श्रावण-भाद्रपदात तर मोजावयास पायऱ्याच उरत नाहीत. शीतलामातेचे देऊळदेखील पाण्यात जाते. मला मात्र या पायऱ्यांचा खरा हिशेब द्यावा लागला तो जागेपणी नव्हे, झोपेत. त्याचीच हकीगत येथे सांगावयाची आहे.

जून २०१२ मध्ये माझी बदली वाराणसीस झाली. या अंकाच्या वाचकांपैकी बहुतेकांना बदलीचा हुकूम म्हणजे काय हे सांगावयास नको. मुलाचे बारावीचे वर्ष होते म्हणून पत्नी पुण्यास राहिली; मी दोन पेट्या, एक स्टोव्ह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन काशीस आलो. मराठी माणसाला काशी अगदीच परकी वाटत नाही. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या बाजूस अद्यापि मराठी घराणी नांदत आहेत. नाथांनी आपले भागवत १५७३ साली याच नगरीत पूर्ण केले. दशाश्वमेध घाट पेशव्यांनी बांधून काढला असे सांगतात, आणि त्याच्या दक्षिणेस चार पावलांवर अहल्याबाईंच्या नावाचा घाट आहेच. दहा अश्वमेधांची कथा पुराणे ब्रह्मदेवाच्या नावावर घालतात. परंतु आमच्या विदर्भातल्या वाकाटकांचे ताम्रपट म्हणतात की, भारशिव राजांनी दहा अश्वमेध केले आणि भागीरथीच्या जलाने त्यांचा अभिषेक झाला. इतिहासाचे एवढे पाठबळ असताना माणसाने एकटे का वाटून घ्यावे, असे मी पहिले काही आठवडे स्वतःस समजावीत असे.

कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी माझे वडील, अण्णा, धाकट्या भावाजवळ राहत. ते शाळामास्तर होते. निवृत्त होऊन पंचवीस वर्षे झालेली. दर रविवारी सकाळी त्यांचा दूरध्वनी येई. बोलणे ठरावीक असे : जेवणाची सोय काय, पाऊस किती, साहेब कसा आहे. ऑगस्टमधल्या एका रविवारी ते म्हणाले, "येताना गंगेचा एक गडू आण. घरातला तुझ्या आईच्या वेळी फोडला, त्यानंतर देवघरात नाही." मी "हो अण्णा" म्हटले. तांब्याचा तो तोंडबंद गडू काय असतो हे सांगावयास नको. आपल्याकडे पूर्वी घरोघर देवांजवळ तो असे, आणि कशासाठी असतो हे ठाऊक असूनही कोणी बोलत नसे. ठठेरी बाजार माझ्या कचेरीच्या वाटेवर नव्हता, पण फारसा दूरही नव्हता.

दिवाळीस मी चार दिवस गावी गेलो. भावजयीस साडी नेली, पुतणीस लाकडी खेळणी नेली, अण्णांकरिता लोकरी टोपी नेली. गडू विसरलो. अण्णांनी चारही दिवस विचारले नाही. निघताना मी पाया पडलो तेव्हा तेवढेच म्हणाले, "पुढच्या खेपेस."

१४ फेब्रुवारी २०१३ रोजी पहाटे अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी वसंतपंचमी होती. प्रयागास त्या वर्षी कुंभमेळा चालू होता. चारच दिवस आधी मौनी अमावास्येला अलाहाबाद स्टेशनावर चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली होती, आणि पश्चिमेकडे जाणारी प्रत्येक गाडी यात्रेकरूंनी खच्चून भरलेली होती. विमानाचे तिकीट त्या दिवशी मिळाले नाही. मी गावी पोहोचलो तो तिसऱ्या दिवशी, अस्थिसंचय आटोपल्यावर. अग्नी धाकट्याने दिला होता. त्याने सर्व हकीगत सांगितली आणि शेवटी, मला बोल लावण्याचा कोणताही हेतू नसताना, म्हणाला, "गंगा शेजारच्या काकूंनी दिली. त्यांच्याकडे गडू होता."

अस्थींचा काही भाग मी काशीस आणला. दशाश्वमेधावरून नाव केली, आणि नंतर घाटावरच एका मराठी तीर्थपुरोहितांसमोर बसलो. त्यांच्या मांडीवर लांबट, लाल बांधणीची वही होती. त्यांनी वडिलांचे नाव विचारले, आजोबांचे विचारले, आणि मग पणजोबांचे. मला आठवेना. लहानपणी श्राद्धाच्या दिवशी शंभरदा ऐकलेले नाव. ते जिभेवर येईच ना. पुरोहित शांतपणे थांबले होते, पिंडाचे पीठ वाळत चालले होते. अखेरीस भावास दूरध्वनी केला आणि त्याने नाव सांगितले. पुरोहित म्हणाले, "होते असे यजमान, पुष्कळांचे होते."

एवढेच घडले होते. त्यापुढचे सहा महिने मी पूर्वीसारखाच कचेरीत जात होतो.

ऑगस्ट २०१३ मध्ये गंगेला मोठा पूर आला. वाराणसीस धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरतात. पाणी तिच्या वर गेले. घाट नाहीसे झाले, संध्याकाळची आरती वर गच्चीत होऊ लागली. त्याच सुमारास स्वप्न पडू लागले. स्वप्नात पूर नसे. घाट कोरडा, पहाट नुकतीच उजाडलेली, बांबूच्या छत्र्या उभ्या. एका छत्रीखाली तख्तावर कोणी घाटिया वही उघडून बसलेला असे आणि माझ्या हातात एक गडू असे. तो नाव विचारी. मी तोंड उघडी, शब्द फुटत नसे. तो वहीत काही खोडल्यासारखे करी आणि "खाली" म्हणे. मी एक पायरी उतरे. पुन्हा तोच प्रश्न. असे करता करता पाणी गुडघ्यांशी येई, कमरेशी येई, आणि मला कळे की गडू हलका आहे, तो भरलेलाच नाही. घशातून एक विचित्र आवाज निघून मी जागा होई. घड्याळात साडेतीन, कधी चार.

एखादे दिवशी पडले असते तर दुःस्वप्न म्हणून सोडून दिले असते. परंतु ते आठवड्यातून तीनदा, चारदा येऊ लागले. नंतर नंतर ते पडो न पडो, साडेतीनला डोळा उघडे आणि पुन्हा मिटत नसे. रात्री अंथरुणाकडे पाहताच छातीत धडधड सुरू होई, म्हणून मी झोपणे लांबवू लागलो. अकराचे साडेबारा झाले, साडेबाराचे दोन. दिवसा कागदावरील आकडे नुसते दिसत, वाचले जात नसत. जेवण चवीचे लागेना. हाताखालच्या मंडळींत माझी ख्याती "साहेब कडक झाले" अशी झाली. वास्तविक कडकपणा नव्हता, ज्याला बोलण्याचेही श्रम होतात त्याचे ते मौन होते. पत्नीस मी काहीच कळविले नाही. आम्हां नोकरदारांची एक खोड असते : घरी पत्र पाठवावयाचे ते सर्व कुशल असे, आणि डॉक्टरकडे जावयाचे ते खोकल्याकरिता. मनाच्या डॉक्टरकडे गेल्याचे कोणास कळले तर गोपनीय अहवालात काय लिहितील, ही धास्ती मला त्या दिवसांत मृत्यूच्या धास्तीहून मोठी वाटे. आज हे वाचताना हसू येते. तेव्हा येत नव्हते.

त्या काळात मला रामायणातला भरत आठवू लागला. तोही परगावी होता, आजोळी, केकय देशात. अयोध्येचे दूत नगरात शिरतात त्याच रात्री त्याला भयंकर स्वप्न पडते : पिता मलिन, केस मोकळे सुटलेले, पर्वताच्या शिखरावरून शेणाच्या डबक्यात पडतो आहे, ओंजळीने तेल पितो आहे आणि हसतो आहे, पुढे तो गाढवे जुंपलेल्या रथातून दक्षिणेकडे जातो. सकाळी भरत खिन्न बसलेला असतो. मित्र वाद्ये वाजवितात, नाचतात, विनोद सांगतात, पण त्याचे मन रमत नाही. वाल्मीकींच्या काव्यातील हा सर्ग बाहेरगावी नोकरी करणाऱ्या माणसाने एकदा अवश्य वाचावा. कथेच्या दृष्टीने ते स्वप्न पुढच्या वार्तेची सूचना आहे, हे खरे. मला मात्र त्यात दूर राहणाऱ्या मुलाची नेहमीची काळजी दिसते : आपण नसताना तिकडे काय चालले असेल! भरताला स्वप्न आधी पडले, मला सहा महिन्यांनी पडले, एवढाच फरक.

आपल्या पूर्वजांनी स्वप्नाकडे केवळ शुभाशुभाच्याच दृष्टीने पाहिले, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. चरकाने इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भविष्यसूचक, आणि वातादी दोषांतून उद्भवलेले. त्यांपैकी पहिली पाच निष्फळ होत, असे त्याने स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे एवढ्या जुन्या काळी या वैद्याने बहुसंख्य स्वप्नांचा ज्योतिषाशी असलेला संबंध तोडून टाकला आणि ती माणसाच्या दिवसाशी जोडली. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य जनकाला सांगतो की, स्वप्न हे या लोकाचे आणि परलोकाचे संधिस्थान आहे. तेथे रथ नाहीत, घोडे नाहीत, रस्ते नाहीत. माणूस ते स्वतः निर्माण करतो. पुढे तो असेही म्हणतो की, कोणी आपणांस मारतो आहे, हत्ती पाठलाग करतो आहे, आपण खड्ड्यात पडतो आहोत, असे जे वाटते ते जागेपणी पाहिलेले भयच अज्ञानाने तेथे खरे मानलेले असते. मी हे वाचले ते काशीतच, एका रविवारी दुपारी, आणि पुस्तक मिटून ठेवले. हत्ती आणि खड्डा यांच्या जागी घाटिया आणि पाणी घातले की, माझे प्रकरण पूर्ण होत होते. पण नुसते कळून पाणी ओसरत नाही.

कार्तिक लागला. घाटांवरचा गाळ काढून झाला होता, आकाशदिवे लागले होते. एके पहाटे, स्वप्नानंतर, मी खोली सोडून गोदौलियावरून चालत घाटावर आलो. साडेचारही वाजले नसतील. छत्र्या मिटलेल्या, तख्ते रिकामी, मानमंदिराची भिंत काळी दिसत होती. मी पायऱ्या उतरत गेलो, शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबलो, आणि मग आणखी एक उतरलो. पाणी थंड होते. त्या क्षणी माझ्या मनात दुःख नव्हते, भीती नव्हती. आता प्रश्न विचारणारा कोणी उरणार नाही, एवढीच एक सोय दिसत होती. किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. डावीकडून एका नावेतून आवाज आला, "नाव लीजिएगा, बाबूजी?" त्या माणसाला भाडे हवे होते, दुसरे काही नव्हे. मी म्हटले, "कितने?" त्याने आकडा सांगितला, मी सवयीने घासाघीस केली, आणि नावेत बसलो. उजाडेपर्यंत त्याने मला अस्सीपर्यंत नेऊन परत आणले. सारा वेळ तो आपल्या मुलीच्या लग्नाच्या खर्चाविषयी बोलत होता.

त्याच दिवशी मी विश्वविद्यालयाच्या रुग्णालयातील मनोविकार विभागात गेलो. रांगेत माझ्यापुढे दोन विद्यार्थी, एक साडीव्यापारी आणि एक पोलीस हवालदार होता. ओळखीचे कोणी भेटेल या भयाने मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. डॉक्टर वयाने माझ्या पुतण्याएवढे. त्यांनी झोपेविषयी विचारले, भुकेविषयी विचारले, आणि मग आवाज न बदलता विचारले, "जीव द्यावा असे वाटते का?" हा प्रश्न इतका सरळ विचारता येतो हे मला ठाऊक नव्हते. मी घाटाची हकीगत सांगितली. ते म्हणाले की, वारंवार दुःस्वप्ने पडणाऱ्या माणसांत असे विचार अधिक आढळतात, म्हणून आम्ही विचारतोच. विचारल्याने विचार वाढत नाहीत. त्यांनी पत्नीचा क्रमांक मागितला आणि माझ्यासमोरच तिला दूरध्वनी लावून माझ्या हाती दिला. पुढचे दोन आठवडे ती वाराणसीस होती. (आता, २०२२ पासून, केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, ज्याला रांगेत वर्तमानपत्र धरावयाचे नसेल त्याने तेथे बोलावे. आपल्या भाषेतही बोलता येते.)

डॉक्टर बोलके होते. निद्रेचे जे शास्त्र त्यांनी मला हप्त्याहप्त्याने समजावून दिले ते मला, हिशेबी माणसाला, फार पटले. कारण त्यात वेळापत्रक होते. झोप सलग नसते. सुमारे नव्वद मिनिटांची एकेक फेरी अशा चार-पाच फेऱ्या रात्रीत होतात, आणि प्रत्येकीच्या शेवटी बंद पापण्यांआड डोळे वेगाने हालण्याची एक अवस्था येते. ही अवस्था १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केली. ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने बहुधा याच अवस्थेत पडतात. तेव्हा मेंदू जागेपणाइतकाच उद्योगी असतो, पण हातापायांचे स्नायू जवळजवळ निर्जीव असतात. पळावेसे वाटते आणि पाय उचलत नाही, हा जो सर्वांचा अनुभव आहे त्याचे एक कारण हे असावे. ही अवस्था उत्तररात्री लांबत जाते, म्हणून दुःस्वप्ने पहाटेकडे दाटतात आणि जाग त्यातूनच येत असल्यामुळे लक्षातही राहतात. पहाटेची स्वप्ने खरी होतात असे आमची आजी म्हणे. ती खरी होतात की नाही कोण जाणे. आठवतात मात्र खास, आणि आठवलेल्या गोष्टीला खरेपणा चिकटावयास वेळ लागत नाही. पूर्वरात्री मूल किंचाळून उठते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तो प्रकार निराळा. ती गाढ निद्रेतली भीती.

खिन्नतेचा विकार जडला म्हणजे हे वेळापत्रकच बिघडते. पहिले स्वप्न निरोगी माणसास सुमारे दीड तासाने यावयाचे, ते कित्येक रुग्णांत बरेच आधी येते; जणू मन दिवस संपण्याचीच वाट पाहत असते. काळजीने स्वप्न बिघडते, बिघडलेल्या स्वप्नाने झोप मोडते, मोडक्या झोपेने दुसऱ्या दिवशी काळजीशी झुंजण्याची ताकद जाते, आणि ती काळजी रात्री पुन्हा हजर. यातले आधी काय, हे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तुमच्या कचेरीत उशिरा येणाऱ्या फायलीचे मूळ सापडते काय?" मी गप्प बसलो.

आणखी एक गोष्ट निघाली ती मात्र विनोदी. मी वर्षानुवर्षे रक्तदाबाकरिता घेत असलेली गोळी बीटा-ब्लॉकर या जातीची होती, आणि त्या जातीतील काही गोळ्यांनी काही माणसांना भयंकर स्वप्ने पडतात. डॉक्टरांनी ती माझ्या नेहमीच्या वैद्याच्या संमतीने बदलून घेतली. म्हणजे माझ्या शोकात दोन पैशांचा वाटा त्या गोळीचाही असावा. चरकाचा सातवा प्रकार, शरीरदोषातून उद्भवलेला, तो हाच, असे मी डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते खूष झाले. उदासीनतेवरील औषध त्यांनी दिले. ते सुरू केल्यावर पहिले काही दिवस स्वप्ने अधिकच रंगीत झाली, पुढे विरळ होत गेली. औषध आपल्या मनाने एकदम सोडू नका, नाही तर दाबलेली स्वप्ने व्याजासकट परत येतील, अशी ताकीदही मिळाली. व्याजाची भाषा मला समजते.

तथापि ते स्वप्न गेले नव्हते. एके दिवशी डॉक्टरांनी सहज विचारले, "या स्वप्नात तुमचे वडील कोठे असतात?" मी विचार केला. घाटिया असे, वही असे, गडू असे, पाणी असे. अण्णा एकदाही नसत. माझ्या तोंडून उत्तर येईना. ते स्वप्नातलेच मौन होते. डॉक्टरांनी शिकागोच्याच रोझालिंड कार्टराइट या संशोधिकेचे काम सांगितले. घटस्फोटाने खचलेल्या माणसांची स्वप्ने तिने तपासली होती, आणि ज्यांच्या स्वप्नांत तो दुरावलेला जोडीदार येत असे ती वर्षभरात सावरण्याचे प्रमाण अधिक दिसले. ज्याच्याविषयी दुःख आहे त्याला स्वप्नात प्रवेशच न देणे, हे काही बरे लक्षण नव्हे.

त्या सुमारास अण्णांची तुकाराममहाराजांची गाथा मी वाचावयास घेतली होती. गावाहून येताना अस्थींबरोबर तीच एक वस्तू मी मागून आणली होती. पाने सैल झालेली, खुणेसाठी माझीच जुनी पोस्टकार्डे घातलेली. बुवांच्या आयुष्यातले ते प्रसिद्ध स्वप्न सर्वांस ठाऊक आहे. मीही शाळेपासून ऐकत आलो होतो. १६२९-३० च्या दुष्काळात दिवाळे वाजलेले, पहिली बायको आणि मूल अन्नाविण गेलेले, मन संसारातून उठलेले. अशा माणसाला स्वप्नात गुरू भेटतात. गंगास्नानास जाताना वाटेत भेटतात (ती गंगा इंद्रायणीच असावी, आपल्याकडे प्रत्येक नदी गंगाच), मस्तकावर हात ठेवतात, आपले नाव बाबाजी सांगतात, रामकृष्णहरी हा मंत्र देतात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. एवढे आपण कीर्तनात ऐकतो. पण त्याच अभंगात आणखी एक तपशील आहे आणि त्यावर मी आजपर्यंत थबकलो नव्हतो. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात ते द्यावयाचे तुकोबांकडून विसरले. आपल्याकडून काही अंतराय घडला म्हणूनच तर त्यांनी जाण्याची त्वरा केली नसेल ना, अशी चुटपूट बुवांनी तेथेच नोंदवून ठेवली आहे.

मी हे वाचून बराच वेळ बसून राहिलो. ज्या स्वप्नाने महाराष्ट्राला एवढा संत दिला, त्या स्वप्नातसुद्धा एका वाण्याच्या मुलाची ती किरकोळ काळजी शिरलेली आहे : अतिथीने काहीतरी मागितले आणि आपण दिले नाही. विद्वान लोक त्या तुपाचे आध्यात्मिक अर्थ लावतात. लावोत बापडे. मला ते तूपच वाटते. आणि विशेष हे की, तुकोबांनी ते झाकले नाही. अनुग्रहाच्या नोंदीत विसरलेल्या तुपाचीही नोंद केली. माझ्या खात्यात याला प्रामाणिक लेखा म्हणतात.

पुढल्या भेटीत डॉक्टरांनी एक अभ्यास दिला. स्वप्न कागदावर लिहून काढावयाचे, त्यात आपणांस हवा तो फेरफार करावयाचा, आणि ते नवे स्वप्न दिवसा जागेपणी दहा-पंधरा मिनिटे मनासमोर आणावयाचे. अमेरिकेतील बॅरी क्राकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्याचारपीडित स्त्रियांवर या रीतीचा प्रयोग करून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. दुःस्वप्ने पुष्कळच कमी झाली. मला हे पोरकट वाटले. तरीही सवयीप्रमाणे कागद घेतला, समास सोडला आणि वर लिहिले : "विषय : स्वप्नात आवश्यक तो फेरफार करण्याबाबत." पत्नीने ते वाचले आणि कित्येक महिन्यांनी आमच्या घरात मोठ्याने हसू झाले.

फेरफार काय करावा हेच मला सुचेना. गडू भरलेला आहे असे लिहावे, तर ते खोटे. माझी लेखणी खोट्या नोंदीस तयार होईना. शेवटी एवढेच लिहिले : घाटिया नाव विचारतो. मी म्हणतो, "आठवत नाही. तुमच्या वहीत पाहा, त्यात असेल." तो पाहतो. पायऱ्यांवर अण्णा लोकरी टोपी घालून बसले आहेत. मी त्यांना सांगतो की, गडू आणावयाचे विसरलो.

त्यापुढे अण्णा काय म्हणतात ते मी लिहिले नाही. डॉक्टरांनीही आग्रह धरला नाही.

महिना दीड महिना हे मी नेमाने केले. सकाळी अंघोळीनंतर, इतर लोक संध्या करतात तसे. स्वप्ने आठवड्यातून एकावर आली, मग पंधरवड्यातून एकावर. एका रात्री त्यात अण्णा होते. तोंड माझ्याकडे नव्हते, मनगटी घड्याळाला किल्ली देत होते, पण होते. मी ओरडून नव्हे, रडत जागा झालो, आणि पुन्हा झोपलो. साडेतीनला जाग आल्यावर पुन्हा झोप लागणे म्हणजे काय, हे ज्याला वर्षभर ते घडलेले नाही त्यालाच समजेल.

२०१६ मध्ये माझी बदली झाली. निघण्यापूर्वी ठठेरी बाजारात जाऊन मी दोन गडू घेतले, दशाश्वमेधावर भरले आणि दुकानदाराकडून तोंडे झाळून घेतली. एक गावी भावाच्या देवघरात आहे, एक पुण्यास. त्यानंतर लवकरच निवृत्त झालो. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाले. एकदा, मुलाच्या आजारपणात, पुन्हा काही महिने घ्यावे लागले, आणि त्या वेळी मी पहिल्याच आठवड्यात दवाखान्याची पायरी चढलो, वर्तमानपत्राविना.

स्वप्न अजून क्वचित येते, वर्षातून एखादे वेळी, बहुधा पावसाळ्यात. गेल्या श्रावणात आले. घाट कोरडा होता, छत्र्या उभ्या होत्या. घाटियाने पणजोबांचे नाव विचारले आणि या खेपेस मी ते सांगितले. त्याने लिहून घेतले, पान उलटले आणि विचारले, "आईच्या आजोबांचे?" मी जागा झालो तेव्हा चार वाजून दहा मिनिटे झाली होती. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि सहा वाजण्याची वाट पाहून भावाला दूरध्वनी केला. त्यालाही ठाऊक नव्हते. मामांना विचारून सांगतो म्हणाला.